शाळेचे दप्तर आणि मुक्त आज्ञावली

चाकण, महाळुंगे, भोसरी, चिखली या औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर उघडून पाहिले, तर त्यात अर्ध्या महाराष्ट्राचा नकाशा सापडतो. कोणी मूल लातूरकडून आलेले असते, कोणी परभणीकडून, कोणी बुलढाण्याहून. काही तर परप्रांतांतून. पालक कारखान्यात कामास लागले की मूल शाळेत येते, आणि कंत्राट संपून कुटुंब हलले की मूलही हलते. त्याच्या मागोमाग त्याचे कागद हलतात : शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपत्रक, उपस्थितीची नोंद. पूर्वी हे कागद हस्ताक्षरात असत. आता त्यांपैकी पुष्कळसे संगणकावर तयार होतात आणि फाइलच्या रूपाने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातात.

येथे एक अडचण वारंवार येते. जी फाइल एका शाळेत शुद्ध मराठीत दिसते, तीच दुसऱ्या शाळेच्या संगणकावर उघडली असता मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते. कधी तक्त्यातील रकाने सरकलेले असतात. कधी फाइल उघडतच नाही, कारण ती ज्या आज्ञावलीत लिहिली गेली, तिचा परवाना त्या शाळेजवळ नसतो. शिक्षक मग ती सारी माहिती पुन्हा हाताने भरतो, आणि अडचण आपल्या अज्ञानामुळे आली असे मनाशी धरून बसतो. वस्तुतः तसे नसते. दोष वस्तूच्या घडणीत असतो, आणि ती घडण समजून घेतली म्हणजे उपायही दिसू लागतो.

या पट्ट्यातील विद्यार्थ्यांना ती समजावून देण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ज्या मुलाचे वडील फिटर आहेत, त्यास ‘बारा-तेराचा पाना’ ठाऊक असतो. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके सामान्यतः तेरा मिलिमीटरचे असते व त्याच्या नेहमीच्या आट्यांमधील अंतर सव्वा मिलिमीटर असते. हे माप कोणा एका कारखानदाराच्या मालकीचे नाही. ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून छापून प्रसिद्ध झालेले आहे. म्हणूनच भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपात कातलेला बोल्ट चाकणला जुळणी होणाऱ्या मोटारीत बिनचूक बसतो, आणि दहा वर्षांनी ती मोटार बीडच्या गॅरेजात गेली तरी तेथील मेस्त्री तो तेराच्या पान्याने सोडवू शकतो. प्रत्येक कारखान्याने आपापले आटे गुप्त ठेवले असते, तर हा सारा पट्टा एका दिवसात ठप्प झाला असता. संगणकाच्या फाइलीचेही असेच आहे. ती कोणत्या मापाने घडविली हे प्रसिद्ध असेल, तर ती कोणासही उघडता येते. ते माप एकाच विक्रेत्याच्या पेटीत बंद असेल, तर किल्लीही त्याच्याकडेच राहते.

‘दप्तर’ हा शब्द मराठीत मुलाच्या पिशवीलाही लागू पडतो आणि सरकारी कागदांच्या साठ्यालाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आजही आहेत. ते मोडी लिपीत आहेत. परंतु मोडी शिकण्यास कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून दीडदोनशे वर्षांनंतरही गो. स. सरदेसाई यांना त्यांतील निवडक कागद वाचून १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध करता आले. याउलट १९९०-२००० या दशकात अनेक कचेऱ्यांत व छापखान्यांत मराठी मजकूर ज्या पद्धतीने टंकलिखित झाला, त्यातील पुष्कळसा आज सहज वाचता येत नाही. त्या काळी निरनिराळ्या संस्थांचे टंक निरनिराळ्या रीतीने बनलेले होते. ‘क’ हे अक्षर एका टंकात एका रोमन अक्षराच्या जागी बसविलेले, तर दुसऱ्या टंकात भलत्याच चिन्हाच्या जागी. टंक हाताशी असेतो मजकूर मराठी दिसे. टंक गेला की मागे निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग राही. पेशव्यांचा कागद वाचता येतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीची शाळेची यादी वाचता येत नाही, ही गोष्ट शिक्षकाने विचारात घेण्यासारखी आहे.

या पार्श्वभूमीवर एका आज्ञावली-संचाचा इतिहास पाहावयाचा आहे. पत्र लिहिणे, तक्ता करणे, हिशेब मांडणे, पाठासाठी चित्रफलक तयार करणे ही कचेरीची व शाळेची कामे करणाऱ्या या संचाचे आजचे नाव ‘लिब्रेऑफिस’. ‘लिब्रे’ या फ्रेंच व स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘मुक्त’. इंग्रजीत मुक्त व फुकट या दोहोंसाठी एकच शब्द असल्याने तेथे या विषयाची चर्चा करताना नेहमी घोटाळा होतो व दर वेळी खुलासा करावा लागतो. मराठी वाचकास तो त्रास नाही. ही आज्ञावली फुकट मिळते हे खरे, परंतु महत्त्व तिच्या मुक्त असण्याला आहे. तिची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मजकूर, कोणासही वाचता येतो, अभ्यासता येतो, बदलता येतो आणि बदललेली प्रत ठरलेल्या अटींवर दुसऱ्यास देता येते. एका शाळेने ती पेनड्राइव्हवर घेऊन शेजारच्या शाळेस दिली, तर त्यात चोरी तर नाहीच, उलट परवान्यात तशी स्पष्ट मुभा आहे. हा विचार रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ साली ‘ग्नू’ या प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून नेटाने मांडला गेला.

लिब्रेऑफिसचा जन्म मात्र मुक्त नव्हता. १९८५ साली जर्मनीतील ल्यूनेबुर्ग या गावी मार्को ब्योरीस या शाळकरी वयाच्या मुलाने ‘स्टारडिव्हिजन’ नावाची कंपनी काढली. त्याचे वय तेव्हा सोळा वर्षांचे होते. लेखनाची आज्ञावली प्रथम तयार झाली, मग तिला तक्त्याची व चित्रांची जोड मिळाली आणि ‘स्टारऑफिस’ हा संच विकला जाऊ लागला. १९९९ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीने ती कंपनी सुमारे ७ कोटी ३५ लक्ष डॉलरांना विकत घेतली. सनजवळ तेव्हा हजारो नोकर होते. इतक्यांसाठी दुसऱ्याच्या आज्ञावलीचे परवाने घेण्यापेक्षा ती बनविणारी कंपनीच घेणे स्वस्त पडले, असे त्या व्यवहाराविषयी सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर २००० रोजी, सनने त्या संचाची मूळ संहिता जगापुढे खुली केली. त्यातून ‘ओपनऑफिस’ निर्माण झाले व २००२ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली.

दशलक्षावधी ओळींची संहिता खुली करणे म्हणजे ती लगेच सर्वांना समजणे नव्हे. मूळ लेखक जर्मन असल्याने संहितेत जागोजागी लिहिलेले खुलासे जर्मन भाषेत होते. ब्राझील, जपान, भारत येथील प्रोग्रामर ते वाचून गोंधळून जात. पुढे स्वयंसेवकांनी एकेक फाइल घेऊन त्या खुलाशांचे इंग्रजीत भाषांतर केले. हे किचकट काम अनेक वर्षे चालले. त्यात कोणाचे नाव झाले नाही. मोठ्या इमारतीच्या पायात जसे दगड, तसेच हे.

याच काळात फाइलीचे मापही प्रसिद्ध झाले. ‘ओपन डॉक्युमेंट’ या नावाने ते २००५ साली मानक म्हणून मान्य झाले आणि २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ते स्वीकारले. मायक्रोसॉफ्ट कंपनीनेही नंतर आपल्या फाइलींचे माप मानकासाठी पुढे ठेवले व २००८ साली तेही मंजूर झाले, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. भारताचे मत त्या वेळी विरोधी पडले होते. एकाच कामासाठी दोन मानके झाली. बोल्टाच्या बाबतीत एकाच जाडीला दोन प्रकारचे आटे आले म्हणजे मेस्त्रीचे काय होते, हे पट्ट्यातील कोणीही सांगू शकेल.

ओपनऑफिसची खरी परीक्षा २०१० साली झाली. त्या वर्षाच्या आरंभी ओरॅकल या कंपनीने सन कंपनी विकत घेतली. नव्या मालकास या संचात कितपत रस आहे याची प्रोग्रामरांना शंका वाटू लागली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांतील अनेकांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ ही संस्था स्थापल्याचे जाहीर केले आणि सर्वांस उपलब्ध असलेली तीच संहिता घेऊन वेगळे काम सुरू केले. ओपनऑफिस हे नाव आपणास द्यावे अशी त्यांची ओरॅकलला विनंती होती. ती मान्य झाली नाही, म्हणून लिब्रेऑफिस हे नाव कायम झाले. २५ जानेवारी २०११ रोजी त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि २०१२ साली संस्थेची बर्लिन येथे रीतसर नोंदणी झाली. ओरॅकलने २०११ साली ओपनऑफिस हे अपाची फाउंडेशन या संस्थेस देऊन टाकले. ती शाखा अजून आहे, परंतु तिची गती पुढे फार मंदावली. यात ध्यानात घेण्याची गोष्ट ही की, मालक बदलला, नाव हातचे गेले, तरी वापरणाऱ्याची एकही फाइल वाया गेली नाही. परवान्यात संहिता नेण्याची मुभा होती आणि फाइलीचे माप प्रसिद्ध होते. ही दोन्ही नसती, तर नव्या मालकाच्या एका निर्णयाने सारे बंद पडू शकले असते.

आता मराठीचा भाग. संहिता मुक्त झाली तरी तीत मराठी आपोआप येत नाही. ती कोणीतरी घालावी लागते. हे काम मोठ्या प्रमाणावर पुण्यात झाले. मुक्त आज्ञावलींचा व्यवसाय करणाऱ्या रेड हॅट या कंपनीच्या पुणे येथील कार्यालयात भारतीय भाषांचा एक गट होता. तेथे मराठीसह अनेक भाषांतील अनुवाद व टंक यांवर वर्षानुवर्षे काम झाले. त्याआधी अक्षरांचा प्रश्न होता. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने तयार केलेले टंक रेड हॅटने २००४ साली ‘लोहित’ या नावाने मुक्त परवान्यावर प्रसिद्ध केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या नावाचीच ती खूण. २०११ साली त्यांस टंकांसाठीच असलेला अधिक सोयीचा मुक्त परवाना मिळाला. हे टंक युनिकोडच्या पद्धतीने बनलेले होते, म्हणजे ‘क’ या अक्षरास सर्व जगात एकच क्रमांक. टंक बदलला तरी अक्षर ‘क’ च राहते. वर सांगितलेली रोमन अक्षरांची खिचडी यामुळेच टळते.

भारत सरकारनेही या कामी हात लावला होता. २००५ साली तमिळ व हिंदी भाषांसाठी टंक व आज्ञावली असलेल्या तबकड्या विनामूल्य वाटण्यात आल्या व त्यामागोमाग मराठी व अन्य भाषांच्या निघाल्या. त्यांत ‘भारतीय ओपनऑफिस’ हा संचही होता. २०१५ साली केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांत मुक्त आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण प्रसिद्ध केले. केरळ राज्यात २००१ साली आरंभलेल्या शालेय उपक्रमाने तर पुढे शाळांतील संगणकशिक्षणच मुक्त आज्ञावलीवर उभे केले, आणि त्यासाठी प्रथम शिक्षकांना शिकविले.

मराठीची म्हणून काही खास मागणी असते आणि ती मराठी माणसालाच ठाऊक असते. ‘आचार्यांना नमस्कार’ व ‘आचाऱ्यांना नमस्कार’ या दोन वाक्यांत पहिला नमस्कार गुरुजींना आहे, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यास. हा भेद ‘र्य’ व ‘ऱ्य’ या दोन जोडाक्षरांवर अवलंबून आहे. हिंदीत दुसऱ्या प्रकारचे जोडाक्षर नाही. केवळ हिंदी मजकुरावर तपासलेल्या टंकात ते बिघडले तर बनविणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. तसेच ‘ल’ व ‘श’ यांचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. तीत पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांस मान्यता आहे. पाटीवर मुलांना शिकवावयाचा एक ‘श’ आणि छापील प्रश्नपत्रिकेत दिसावयाचा दुसरा, हा विसंवाद पहिलीच्या वर्गातील शिक्षकास चांगलाच जाणवतो. अलीकडच्या काही मुक्त टंकांत दोन्ही रूपे असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे आज्ञावलीस सांगितले की ती मराठी रूप निवडते. लिब्रेऑफिसच्या ‘साधने’ या यादीतील पर्यायांमध्ये भाषेचा विभाग आहे. तेथे मराठी ही भाषा एकदाच निवडून ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी ती हिंदी राहिलेली असते, आणि दोष टंकास दिला जातो.

अनुवादाचे काम दिसते तितके सोपे नसते. संगणकावरील ‘सेव्ह’ या आज्ञेस कोणी ‘जतन करा’ म्हणतो, कोणी ‘साठवा’, कोणी ‘राखून ठेवा’. ‘फाइल’ ला ‘धारिका’ म्हणावे की ‘फाइल’ च ठेवावे? एका आज्ञावलीत एक शब्द व दुसरीत दुसरा आला, तर शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. हे टाळण्यासाठी २००८ साली रेड हॅटच्या पुण्यातील मंडळींनी ‘फ्यूएल’ नावाचा उपक्रम सुरू केला. वारंवार येणाऱ्या शब्दांची एक यादी घ्यावयाची, जाणकारांनी एकत्र बसून एकेका शब्दावर चर्चा करावयाची आणि ठरलेले शब्द सर्वांनी वापरावयाचे, अशी ती रीत. मराठीसह अनेक भाषांनी ती स्वीकारली. ‘धारिका’ हा शब्द घडणीने निर्दोष आहे; परंतु गावातील तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक सारेच ‘फाइल’ म्हणत असता मुलाने एकट्यानेच धारिका का म्हणावी, असा प्रश्न उरतोच.

या संचातील मराठीत उणिवा आहेत. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते व तीत नवी वाक्ये येतात. अनुवाद करणारे हात थोडे असल्याने काही शब्द इंग्रजीतच राहतात. मदतीच्या पानांबाबत तर हे विशेष जाणवते. दुसऱ्या आज्ञावलीत केलेला गुंतागुंतीचा तक्ता येथे उघडला असता कधी कधी ओळी सरकतात. वरिष्ठ कार्यालयाने ठरावीक प्रकारचीच फाइल मागितली, तर ‘या नावाने साठवा’ ही आज्ञा देऊन ती त्या प्रकारात करून द्यावी लागते. मूळ प्रत मात्र ओपन डॉक्युमेंट प्रकारातच शाळेत ठेवावी.

सर्वांत मोठी उणीव शुद्धलेखन-तपासणीची. परंतु ती का आहे हे पाहिले, तर शिक्षकास आपल्या रोजच्या विषयाचेच दर्शन घडते. लिब्रेऑफिसमध्ये शब्द तपासणाऱ्या यंत्रणेचे नाव ‘हनस्पेल’. ती हंगेरीतील लास्लो नेमेथ याने मुळात हंगेरियन भाषेसाठी रचली. हंगेरियन भाषेत एका शब्दास एकामागून एक प्रत्यय जोडले जातात. इंग्रजीसाठी केलेल्या जुन्या यंत्रणा तेथे निरुपयोगी ठरल्या. मराठीचा स्वभाव याच जातीचा. ‘घर’ हा एक शब्द शब्दकोशात असतो. लिहिताना मात्र घराला, घरात, घरातून, घरासमोरच्या, घरांपैकीही अशी त्याची शेकडो रूपे होतात. ती सारी यादीत लिहिणे अशक्य. म्हणून हनस्पेलमध्ये दोन फाइली असतात : एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्यय लागण्याचे नियम.

अडचण अशी की, मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द स्वतःच बदलतो. ‘मूल’ यातील ‘मू’ दीर्घ, पण ‘मुलाला’ यातील ‘मु’ ऱ्हस्व. फूल–फुलाला, वीट–विटेला, सून–सुनेला हीच गोष्ट. पण ‘पूजा’ चे ‘पूजेला’ होते, ‘पुजेला’ नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले व ज्यांत १९७२ साली भर पडली, ते शिक्षकास पाठ असतात; अपवादांसह. यंत्रास ते पाठ नसतात. कोणीतरी बसून कोणता शब्द कोणत्या गटात पडतो हे प्रत्येक शब्दापुढे लिहावे लागते. मराठी स्वयंसेवकांनी हे काम केले आहे व त्यांचा कोश विनामूल्य जोडता येतो. तरीही बरोबर शब्दांखाली तांबडी रेघ पुष्कळदा उमटते. अशा वेळी यंत्र चुकले की लिहिणारा, हे ठरविण्यासाठी लेखनाचे नियम शिक्षकापाशी असावेच लागतात. सातवीच्या वर्गात ही तांबडी रेघच पाठाचा विषय करता येईल.

त्याच वर्गासाठी दुसरा एक प्रयोग अर्ध्या तासात होतो. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये मुलांकडून दोन वाक्ये लिहून घ्यावीत, शाळेचे एक छायाचित्र घालावे व ओपन डॉक्युमेंट प्रकारात फाइल साठवावी. मग तिची दुसरी प्रत करून त्या प्रतीच्या नावातील शेवटची ‘ओडीटी’ ही अक्षरे काढून तेथे ‘झिप’ लिहावे. आता ती फाइल पेटीसारखी उघडते. आत अनेक लहान फाइली दिसतात. त्यांतील ‘कंटेंट’ नावाची फाइल साध्या नोंदवहीच्या आज्ञावलीत उघडली, तर खुणांच्या गर्दीत मुलांची दोन मराठी वाक्ये जशीच्या तशी सापडतात. ‘पिक्चर्स’ या कप्प्यात छायाचित्र असते. फाइल म्हणजे काही जादू नसून नीट लावलेली पेटी आहे, आणि तिचे कुलूप उघडे आहे, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. एखादी फाइल बिघडून रायटरमध्ये उघडेनाशी झाली, तर त्यातील मजकूर याच मार्गाने बहुधा वाचविता येतो. प्रयोग नेहमी दुसऱ्या प्रतीवरच करावा.

निकालपत्रकाचे काम या संचातील ‘कॅल्क’ या भागात होते. बेरीज, टक्केवारी व श्रेणी एकदा सूत्राने मांडली की पुढील वर्षी केवळ गुण बदलावयाचे. येथे एक सूचना : विद्यार्थ्याचे नाव व आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे, आणि जन्मतारीख आपल्या मर्जीच्या मजकुराच्या रूपात न लिहिता तारीख म्हणूनच लिहावी. हे न पाळल्यामुळे यादी वयानुसार लावण्याची वेळ आली म्हणजे सारा तक्ता पुन्हा करावा लागतो.

हे सारे कोणी शिकवावयाचे, हा प्रश्न खेड्यातील शिक्षकापुढे राहतोच. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या मार्गदर्शनाखाली ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या साहाय्याने चालविला गेला. त्यात लिब्रेऑफिसच्या रायटर, कॅल्क, इम्प्रेस इत्यादी भागांवर साधारण दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-पाठ आहेत आणि ते मराठी निवेदनासह मिळतात. पडद्याच्या एका अर्ध्या भागात पाठ लावावयाचा, दुसऱ्या अर्ध्या भागात तेच स्वतः करून पाहावयाचे, अशी त्यांची पद्धत आहे. पाठ एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालतात. शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर दोन शिक्षकांनी मिळून एकेक पाठ केला, तरी एका सत्रात रायटर व कॅल्क यांचा पुरेसा परिचय होतो.

शुद्धलेखन तपासताना जो बरोबर शब्द यंत्रास ठाऊक नसेल, तो तेथल्या तेथे ‘कोशात घाला’ ही आज्ञा देऊन स्वतःच्या यादीत टाकता येतो. ही यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल. एका ओळीवर एक शब्द. खाचर, शिवार, वैरण, आटे, पाना, पाळी, खाडा असे परिसरातील शब्द मुलांकडून गोळा करून तीत घातले, तर वर्षअखेर शाळेचा स्वतःचा एक लहानसा कोश तयार होतो. तो पेनड्राइव्हवर घेऊन केंद्रातील दुसऱ्या शाळेस देता येतो, आणि तेथील मुलांना आणखी कोणते शब्द त्यात नाहीत असे वाटते, ते विचारता येते.